रानाच्या गोष्टी वाचताना

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात, झरी जामणी तालुक्यात, मुकुटबन नावाचे गाव आहे. या मुलखात कापसाच्या आणि तुरीच्या शेतांना लागून साग, ऐन, मोह, तेंदू, पळस, सावर अशा झाडांचे पानगळीचे रान पसरले आहे. दक्षिणेस पैनगंगा वाहते आणि तिच्या पलीकडे तेलंगण राज्य लागते. गावाच्या नावातच ‘बन’ आहे. या रानात वाघ आहे, बिबळ्या आहे, अस्वल आहे. आणि जमिनीच्या पोटात कोळसा व चुनखडीचा दगड आहे. त्यामुळे येथे कोळशाच्या खाणी निघाल्या आणि २०२२ साली सिमेंटचा मोठा कारखानाही सुरू झाला. रानाच्या कडेकडेने कोलामांचे पोड आहेत, गोंडांची वस्ती आहे. रान, शेत, खाण आणि वाघ ही चारही ज्या मुलांच्या रोजच्या बोलण्यात येतात, त्यांनी रानाच्या कथा-कादंबऱ्या वाचल्या, तर त्या त्यांना शहरातील मुलांपेक्षा खचित निराळ्या ऐकू येतील.

मुलांनो, अशा गावी आठ-दहा जणांनी मिळून एक वाचनमंडळ काढावे, अशी आमची सूचना आहे. त्याला फारसा खर्च नाही. आठवड्यातून एक दिवस शाळा सुटल्यावर तासभर एकत्र बसावे. एकाने मोठ्याने वाचावे व इतरांनी ऐकावे. मोठ्याने वाचण्याचा लाभ असा की, पुस्तक एकच असले तरी ते दहा जणांचे होते. मंडळाची एक जाड वही असावी. तिच्या उजव्या पानावर गोष्टीत जे वाचले ते लिहावे, आणि डाव्या पानावर त्याच विषयाचे आपल्या गावात जे पाहिले ते लिहावे. डावे पान कधी कधी कोरे राहील. राहू द्यावे. पुढे केव्हातरी ते भरेल.

आता प्रारंभ कोणत्या गोष्टीने करावा? आमचे मत विचाराल तर रवींद्रनाथ ठाकुरांच्या ‘बलाई’ या कथेने करावा. रवींद्रनाथांच्या कथांची मराठी भाषांतरे झालेली आहेत. ही कथा १९२८ सालची असून अवघ्या काही पानांची आहे.

बलाई हा आईविना वाढलेला मुलगा. काकूने त्याला सांभाळलेले. हा मुलगा इतर मुलांसारखा खेळत नाही. गवताकडे, अंकुरांकडे, झाडांकडे तासन् तास पाहत बसतो. कोणी गवत कापू लागले की त्याच्या जिवाला लागते. परंतु हे सांगावे कोणाला? एके दिवशी बागेच्या पायवाटेच्या अगदी मधोमध सावरीचे रोपटे उगवते. बलाई त्याला रोज पाणी घालतो आणि मोठ्या कौतुकाने काकांना दाखवतो. काका म्हणतात, हे उपटून टाकले पाहिजे. बलाई काकूच्या गळ्यात पडतो, काकू रदबदली करते आणि रोपटे वाचते. पुढे बलाईचे वडील येतात व शिक्षणासाठी त्याला सिमल्याला घेऊन जातात. काही काळाने काका ते झाड तोडून टाकतात. त्यानंतर सिमल्याहून काकूला पत्र येते: बलाई आता परदेशी निघाला आहे, आणि त्याला आपल्या सावरीचे एक छायाचित्र हवे आहे. काकू दोन दिवस जेवत नाही, आणि पुढे कित्येक दिवस काकांशी बोलत नाही.

कथा संपली की मंडळात बहुधा एकदम गलका होईल. काका वाईट, असे बरेच जण म्हणतील. त्यांना म्हणू द्यावे. पण मग काकांचीही बाजू कोणीतरी मांडावी. झाड पायवाटेच्या मधोमध होते, हे खोटे नाही. सावर तुम्ही पाहिलेली आहे. तिच्या कोवळ्या खोडावर बोटभर जाडीचे काटे असतात, तिचे लाकूड हलके व मऊ, त्याची ना धड तुळई होते ना नांगर. ज्याला बाग राखायची आहे, त्याला असे झाड वाटेत नकोसे वाटले तर त्यात नवल काय? काका दुष्ट नाहीत. बलाईवर त्यांचे प्रेम आहे. त्यांना ते रोपटे म्हणजे एक अडचण दिसली, एवढेच. मुकुटबनकडील रस्ता रुंद करण्यासाठी उद्या एखादे झाड तोडावे लागले, तर तोडणारा माणूसही बहुधा या काकांसारखाच साधा असेल, आणि रुंद रस्त्याने रुग्णाला दवाखान्यात लवकर नेता येते हेही खरेच असेल.

येथे एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. ही सारी हकीकत सांगतो कोण? बलाई सांगत नाही, काकूही सांगत नाही. ज्याने झाड तोडले, तो काकाच ती सांगतो. लेखकाने असे का केले असेल? काकूने सांगितली असती तर कथेत रडणे अधिक आले असते. बलाईने सांगितली असती तर तक्रार आली असती. काकांच्या तोंडून आल्यामुळे, ज्याला त्या वेळी झाडाचे मोल कळले नव्हते त्यालाच ते सांगत बसावे लागते. निवेदक कोण आहे हे पाहण्याची ही सवय एकदा जडली की पुढील प्रत्येक पुस्तकात ती उपयोगी पडेल.

आणि त्या आठवड्याच्या डाव्या पानावर काय लिहाल? फाल्गुनात सावरीची पाने गळून गेलेली असतात आणि सारे झाड लाल फुलांनी भरून जाते. त्या फुलांतील मधासाठी साळुंक्या, कावळे, बुलबुल यांची झुंबड उडते. पुढे उन्हाळ्यात बोंडे उकलतात व कापूस वाऱ्यावर उडू लागतो. झाड मोठे होत जाते तसे खोडावरचे काटे बरेचसे झिजून जातात. कारण गुराढोरांपासून बचाव करण्याची गरज लहानपणीच अधिक असते. नांगराच्या कामी न येणारे हे झाड कोणाकोणाच्या कामी येते, याची यादी या पानावर सहज होईल.

यानंतर व्यंकटेश माडगूळकर यांची ‘सत्तांतर’ ही छोटी कादंबरी घ्यावी. ती १९८२ साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. हिच्यात माणसे नायक नाहीत. वानरांची टोळी हीच कादंबरीतील समाज आहे.

वानरांच्या गोष्टी तुम्ही बालपणापासून ऐकल्या आहेत. पंचतंत्रातील वानर जांभळाच्या झाडावर बसून मगरीशी मैत्री करतो आणि आपले काळीज झाडावर ठेवले आहे असे सांगून जीव वाचवतो. गोष्ट मोठी चतुर आहे. पण तुम्ही एक करून पाहा: त्या वानराच्या जागी एखादा हुशार मुलगा कल्पा आणि मगरीच्या जागी एखादा लबाड मित्र. गोष्टीत काय बदलते? फारसे काहीच नाही. याचा अर्थ, ती गोष्ट माणसांचीच आहे. वानराचा मुखवटा तेवढा घातला आहे. ‘सत्तांतर’मध्ये असे करून पाहिले तर कादंबरी उभीच राहणार नाही. तेथील वानर वानरासारखेच वागतात: कोवळी पाने व फळे खातात, एकमेकांच्या अंगावरील केस विंचरतात, ठरलेल्या झाडांवर रात्र काढतात, आपल्या हद्दीसाठी भांडतात. माडगूळकर चित्रकारही होते. डोळ्यांनी नीट पाहिल्यावाचून चित्र काढता येत नाही. ते पाहणे त्यांच्या लेखनातही उतरले आहे.

या कादंबरीतील काही भाग वाचताना मन दुखावेल, हे आधीच सांगून ठेवतो. वानरांच्या टोळीत पुष्कळदा एकच मोठा नर असतो. बाकी माद्या आणि पिले. ज्या नरांना टोळी नसते ते बाहेर हिंडत असतात. त्यांतला एखादा बळकट झाला की जुन्या नराशी झुंजतो आणि जिंकला तर टोळीचा मालक होतो. नवा नर पुष्कळदा टोळीतील तान्ही पिले मारून टाकतो. लेखकाने हे मनाने रचलेले नाही. युकिमारू सुगियामा या जपानी शास्त्रज्ञांनी १९६० नंतरच्या वर्षांत धारवाडजवळच्या रानात वानरांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना हेच दिसले. पुढे सारा हर्डी या अमेरिकन संशोधिकेने अबूच्या डोंगरावरील वानर पाहून त्याचे कारण सुचविले. पिलू अंगावर पीत आहे तोवर मादीला दुसरे पिलू होत नाही. नव्या नराला मात्र आपली पिले लवकर व्हावयास हवी असतात. त्यांचे पुस्तक १९७७ साली निघाले. यावर शास्त्रज्ञांमध्ये पुष्कळ वादही झाला.

मग त्या नराला क्रूर म्हणावे काय? या प्रश्नावर मंडळाने एक संपूर्ण तास खर्च करावा; तो वाया जाणार नाही. ‘क्रूर’ हा शब्द आपण माणसांसाठी घडविला. ज्याला दुसरी वाट ठाऊक असून तो दुखवतो, तो क्रूर. वानराला दुसरी वाट ठाऊक आहे काय? उलट, जर आपण वानराला क्रूर म्हणणार नसू, तर पिलाला उराशी धरणाऱ्या वानरीला प्रेमळ तरी का म्हणावे? या प्रश्नाचे सरळ उत्तर आमच्याजवळ नाही. परंतु वाचून झाल्यावर शाळेच्या कौलांवरून उड्या मारीत जाणाऱ्या टोळीकडे पाहिलेत, तर तिच्यात मोठा नर कोणता, तान्ही पिले किती, हे तुम्ही न सांगता मोजू लागाल.

काही पुस्तकांविषयी थोडक्यात सांगतो. गो. नी. दांडेकर यांच्या ‘माचीवरला बुधा’ या १९५८ सालच्या कादंबरीत मुंबईला कंटाळलेला एक म्हातारा राजमाचीच्या माचीवर परत येतो आणि झाडांच्या व पाखरांच्या सोबतीने राहू लागतो. भाषा फार गोड आहे. पण प्रत्येक म्हाताऱ्याला असे एकट्याने राहणे साधेल, असे मात्र समजू नये. माडगूळकरांचीच ‘बनगरवाडी’ १९५५ सालची. तिच्यात माणदेशातील धनगरांच्या वस्तीवर शिकवायला आलेला एक तरुण मास्तर आहे. कादंबरीत पर्यावरणावर एकही व्याख्यान नाही. तरीही पाऊस नाही म्हणून गवत नाही, गवत नाही म्हणून मेंढरे मरतात, मेंढरे मरतात म्हणून माणसे वस्ती सोडून जातात, ही साखळी तिच्याइतकी स्पष्ट क्वचितच कोठे दिसेल. ज्यांच्या घरचा कापूस पावसाच्या भरवशावर आहे, त्यांना तिचा शेवट समजावून सांगावा लागणार नाही.

जुन्या ग्रंथांतही असा मजकूर आहे. महाभारतात खांडववन जळते त्या प्रसंगी, हजारो प्राणी होरपळत असताना, कवी एकाएकी जरिता नावाच्या पक्षिणीपाशी थांबतो. तिची चार पिले अजून उडू शकत नाहीत. ती त्यांना उंदराच्या बिळात शिरावयास सांगते. पिले म्हणतात, बिळात उंदीर आहे, त्याच्या तोंडी जाण्यापेक्षा आग बरी. आईने उडून जावे, असा आग्रह ती पिलेच धरतात. एवढ्या मोठ्या युद्धाच्या ग्रंथाला या चार पिलांसाठी जागा सापडली!

आता एका फसव्या गोष्टीकडे वळू. १९५३ साली झाँ जिओनो या फ्रेंच लेखकाने झाडे लावणाऱ्या एका मेंढपाळाची कथा लिहिली. एका अमेरिकन मासिकाने त्याला, तुम्हांला भेटलेल्या अविस्मरणीय माणसाविषयी लिहा, असे सांगितले होते. कथेतील मेंढपाळ एकटा, ओसाड डोंगरावर राहतो. रोज रात्री तो ओक वृक्षाची शंभर निवडक बीजे बाजूला काढतो आणि दुसऱ्या दिवशी लोखंडी दांड्याने भोके पाडून ती पेरतो. तीन वर्षांत त्याने एक लाख बीजे पेरली; वीस हजार उगवली; त्यांतलीही निम्मी जातील असा त्याचा हिशेब, म्हणजे उरतील दहा हजार. पुढे तेथे अरण्य होते, आटलेले झरे वाहू लागतात, सोडून गेलेली माणसे परत येतात. हिशेब इतका चोख, की वाचणाऱ्याला वाटावे, हा माणूस खराच असला पाहिजे. अनेकांना तसे वाटलेही. अखेर १९५७ साली जिओनोने एका पत्रात लिहिले की हा माणूस आपण कल्पनेने निर्माण केला. लोकांना झाडांविषयी प्रेम वाटावे, हा हेतू होता.

हे कळल्यावर तुम्हांला राग येईल काय? येणे स्वाभाविक आहे. परंतु कथेत कथा म्हणून काही वावगे नाही. ती बातमी म्हणून वाचली गेली, तेथे घोटाळा झाला. म्हणून मंडळाच्या वहीत प्रत्येक पुस्तकापुढे ‘कल्पित’ की ‘घडलेले’ हे लिहून ठेवावे. घडलेलेही कमी नवलाचे नसते. आसामात ब्रह्मपुत्रेच्या वाळूच्या बेटावर जादव पायेंग यांनी १९७९ पासून झाडे लावली. तेथे शेकडो हेक्टरांचे रान उभे राहिले व २०१५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तसेच तुमच्याच जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातील एका तरुण वाघाच्या गळ्यात २०१९ साली रेडिओचा पट्टा बसविण्यात आला. तो नव्या घराच्या शोधात निघाला आणि महाराष्ट्र व तेलंगणातील शेते, ओढे, रस्ते ओलांडीत बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याची चाल तीन हजार किलोमीटरांच्या वर भरली. एखाद्या कादंबरीकाराने हे लिहिले असते, तर आपण त्याला अतिशयोक्ती म्हटले असते.

वाघाचा विषय निघाला की मुकुटबनकडच्या मुलांपुढे दुसरीही एक हकीकत उभी राहील, आणि ती टाळून पुढे जाणे बरे नव्हे. पांढरकवडा आणि राळेगाव या भागात सुमारे दोन वर्षांत झालेल्या तेरा मृत्यूंचा संबंध एका वाघिणीशी जोडला गेला. मेलेली माणसे शेतात राबणारी, गुरे चारणारी अशी होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २ नोव्हेंबर २०१८ रोजी ती वाघीण गोळी घालून मारण्यात आली. तिचे दोन बछडे मागे राहिले. वनखात्याच्या कागदांत तिचे नाव ‘टी-१’ होते. दूरच्या शहरांतील लोक तिला ‘अवनी’ म्हणत. अवनी म्हणजे पृथ्वी.

मुलांनो, येथे थांबून विचार करा. एकाच जनावराला कोणी आकडा दिला, कोणी पृथ्वीचे नाव दिले. नाव देताक्षणीच गोष्ट निम्मी सांगून झालेली असते. ‘टी-१’ हा शब्द वाचून डोळ्यांत पाणी येत नाही. ‘अवनी’ वाचून येते. आणि ज्या तेरा घरांतील माणूस गेला, त्यांची नावे किती वर्तमानपत्र-वाचकांना पाठ आहेत? वाघ राहिला पाहिजे, असे आमचेही मत आहे. वाघासाठी राखलेले रान हरणाला, पाखराला, ओढ्याच्या पाण्याला, अखेर शेतालाही उपयोगी पडते. टिपेश्वर अभयारण्य १९९७ साली झाले, ते सुमारे १४८ चौरस किलोमीटरांचे आहे. वाढत्या वाघांना तेवढी जागा पुरत नाही, म्हणून ते बाहेर पडतात. परंतु ज्याचे वडील रोज गुरे घेऊन रानात जातात त्या मुलाला हे ऐकवताना आवाज थोडा खाली आणला पाहिजे.

या प्रसंगावर मंडळाने वाचण्याऐवजी लिहावे. तिघांनी तीन पाने लिहावीत. एकाने गुराख्याच्या मुलीच्या तोंडून, दुसऱ्याने रात्री गस्त घालणाऱ्या वनरक्षकाच्या तोंडून, आणि तिसऱ्याने, जमेल तर, बछड्याच्या बाजूने. बछड्याचे पान सर्वांत अवघड. त्याला ‘सूड’ माहीत नाही, ‘सरकार’ माहीत नाही. त्याला माहीत आहे वास, भूक आणि आई आली नाही एवढेच. त्या पानात माणसाचा विचार घुसला की इतरांनी तेथे पेन्सिलीने खूण करावी. अशा खुणा पुष्कळ होतील.

आणखी एक ग्रंथालय गावाजवळच आहे. त्याला कपाटे नाहीत. कोलाम आजी-आजोबांना कोलामीत आणि गोंड आजी-आजोबांना गोंडीत रानाच्या अनेक कथा येतात. गोंडांच्या कुळांना आपापली झाडे किंवा प्राणी पूज्य असतात, आणि त्या त्या कुळाने त्यांना इजा करू नये अशी रीत असते. ती रीत का पडली, याच्याही कथा आहेत. मंडळात कोलामी बोलणारा एखादा मुलगा असेल, तर त्या दिवशी शिक्षक तोच. त्याने घरी ऐकलेली कथा कोलामीतच सांगावी. दुसऱ्याने ती देवनागरी अक्षरांत जशीच्या तशी उतरवून घ्यावी. मग सर्वांनी मिळून मराठी करावे. काही शब्द मराठीत येणारच नाहीत. ते तसेच ठेवून पुढे अर्थ लिहावा. कथा सांगणाऱ्या आजीला विचारल्यावाचून ती वही कोणाला दाखवू नये.

या कामाला मोहाच्या झाडापासून आरंभ करणे सोयीचे पडेल. चैत्रात पहाटे फुले वेचायला घरातील सारी माणसे जातात, तेव्हा गप्पा आपोआप निघतात. उजव्या पानावर आजीची कथा, डाव्या पानावर त्या झाडाचे ठिकाण आणि त्याच्या बुंध्याचा घेर. आणि वर, जेथे पुस्तकाचे नाव लिहितो तेथे, त्याच झाडाची मराठी, कोलामी, गोंडी आणि तेलुगू अशी चार नावे.